गुंगी घ्यायची की नाही? आधी कावसजीची गोष्ट ऐका

मंडळी, आपल्या धंद्यात दुखणं अंगावर काढायची सवयच आहे. गळ बोटात रुतला तरी "काय नाय होत, ओढ!" म्हणून माणूस मोकळा. खान नदीकाठच्या जुनी इंदूरपासून कोकण किनाऱ्यापर्यंत हेच. दवाखान्यात "गुंगीचं इंजेक्शन देऊ का?" असं विचारलं की बरेच जण "नको" म्हणतात. कुणी हिमतीपोटी, कुणी रात्री जाळं टाकायचंय म्हणून.

आता कावसजीची गोष्ट. हा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा साचा करून कपाळावर ठेवला, कड आखली, तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवली. कातडी उलटवून जुन्या नाकाच्या जागी बसवली. टाके नाहीत, पाण्यात कालवलेला कात कापडावर लावून तो दाबून ठेवला. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हकीकत छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं तीच रीत लंडनमध्ये वापरली.

यातली एक गोष्ट विसरू नका. बोस्टनला ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली १६ ऑक्टोबर १८४६ ला. म्हणजे कावसजीच्या वेळी ते औषध पन्नास वर्षं दूर होतं. त्यानं सोसलं, कारण दुसरा रस्ताच नव्हता. आपल्याला आहे.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा:

🔹 जागा बधिर करणं वेगळं, गुंगी वेगळी, पूर्ण भूल वेगळी. गळ काढायला किंवा टाके घालायला जागा बधिर केली की बहुतेक वेळा भागतं. ते मागायला लाजू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

🔹 पोटाची दुर्बिणीची तपासणी घशात बधिर करणारा फवारा मारून जागेपणीही होते. मळमळतं, उमाळे येतात, पण काही मिनिटांत संपते आणि माणूस लवकर घरी जातो.

🔹 गुंगी घेतली तर सोबत माणूस हवाच. पुढचे २४ तास गाडी नाही, होडी नाही, इंजिनाला हात नाही. डोकं ताळ्यावर वाटलं तरी हात उशिरा चालतो, आणि पाण्यावर तेवढ्यानं जीव जातो.

🔹 धीर यावा म्हणून दारू पिऊन जाऊ नका. दारू आणि गुंगी मिळून श्वास मंदावतो. रोजच्या गोळ्या, शुगर, बीपी, दमा, सगळं आधी सांगा.

🔹 गुंगी न घेता करणार असाल तर आधीच ठरवा: हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. नंतर "गुंगी द्या" म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे.

होडीमालकांना एकच विनंती. तपासणीला गेलेल्या गड्याला त्या रात्री पाण्यावर बोलावू नका. एका रात्रीची मासळी गेली तर दुसऱ्या रात्री मिळेल.