तेलाची चावी कोणाच्या हाती?

आम्ही अंबरनाथ-बदलापूरकडची माणसे पाण्याचे राजकारण चांगले ओळखतो. १९७२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारवी धरण बांधले. पाण्याची चावी ज्याच्या हाती, त्याच्यावर उल्हासनगरच्या वस्तीतला नळ आणि अंबरनाथचा कारखाना दोन्ही अवलंबून.

परंतु कारखान्याला नुसते पाणी पुरत नाही. प्लॅस्टिक, रंग, रसायने यांचा बराचसा कच्चा माल खनिज तेलातून निघतो. माल वाहणारे ट्रकही डिझेलवरच धावतात. या तेलाची चावी मात्र दूर देशी आहे आणि तिच्यासाठी जगात रक्त सांडले आहे.

इराणने १९५१ साली आपल्या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटिश कंपनीची मिरासदारी गेली. १९५३ साली ब्रिटन आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांनी कट करून पंतप्रधान मोसादेक यांना खाली खेचले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. इस्रायलच्या पाठीराख्यांचे तेल अरब देशांनी रोखले आणि तीन डॉलरचे पिंप काही महिन्यांत सुमारे बारा डॉलरवर गेले.

१९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. १९७६ पासून मुंबई हायचे तेल निघू लागले. मोठा आधार झाला, पण देशाची तहान त्याने भागली नाही. आजही ८० टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून विकत घेतो.

त्याची किंमत १९९० साली कळली. कर्जबाजारी इराकने, कुवेत जादा तेल काढून भाव पाडतो असा आरोप करीत, २ ऑगस्टला त्या देशावर चाल केली. पोटासाठी तिकडे गेलेले सुमारे पावणेदोन लाख भारतीय सर्वस्व सोडून विमानाने मुंबईला परतले. तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, परकीय चलनाची गंगाजळी रिकामी होत गेली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले. अडल्या घरात बाईचे डोरले सावकाराकडे जाते, तसेच हे झाले!

तेव्हा परदेशातल्या लढाईची बातमी आली की पान उलटू नका. मुलांना नकाशावर इराण, इराक, कुवेत दाखवा. लढाई कोणाची, नफा कोणाचा आणि गॅसच्या टाकीचा वाढीव भाव कोणाच्या माथी, हा साधा हिशेब कष्टकऱ्याच्या घरात मांडला गेलाच पाहिजे.