कोसळला खरा, पण कळवायचं का?

‘इंटर्नल कंपायलर एरर’. जीसीसी हा कंपायलर कोसळला की पडद्यावर हे शब्द उमटतात आणि पाठोपाठ सविस्तर बग रिपोर्ट पाठवण्याची विनंती येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुल्या केलेल्या या कंपायलरची माहितीपुस्तिका या बाबतीत कडक आहे. प्रोग्राम कितीही चुकीचा असो, कंपायलर कोसळला तर दोष कंपायलरचाच.

तत्त्व रास्त आहे. पण जीसीसीला शेकडो अंतर्गत पॅरामीटर आहेत : लूप किती वेळा उलगडायचं, केवढं फंक्शन दुसऱ्यात मिसळायचं, वगैरे. त्यांत वाटेल ते आकडे भरत सुटलं, तर क्रॅश ढिगाने मिळतात. ते तपासणारी माणसं मोजकीच, म्हणून निवड करावी लागते. मात्र ‘इतका टोकाचा आकडा देणार कोण?’ एवढंच विचारून रिपोर्ट बाजूला टाकणं मला घातक वाटतं.

आधी सोपं प्रकरण. सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटमध्ये जीसीसी मुळात ९०० पातळ्यांपर्यंतच खोल उतरतो. ही मर्यादा दहा लाखांवर नेली आणि तितकाच खोल प्रोग्राम दिला, तर कंपायलरचा स्टॅक संपतो. लिनक्सवर जीसीसी तो सहसा ६४ एमबीपर्यंत वाढवून घेतो, पण तोही पुरत नाही. कुंपण आपणच काढलं, जागा संपली. कंपायलरच्या तर्कातली चूक यातून दिसत नाही. हा रिपोर्ट पाठवू नये.

आता दुसरं. काम करता करता जीसीसी स्वतःची नको झालेली मेमरी मधूनमधून गोळा करतो. ही सफाई कधी करायची, हे दोन पॅरामीटर ठरवतात. दोन्ही शून्यावर आणले, की संधी मिळेल तिथे सफाई होते. वेग इतका मंदावतो की रोजच्या कामात कोणी असं करणार नाही. पण समजा, अजून लागणारा एखादा तुकडा ‘वापरात आहे’ अशी नोंद करायला कंपायलरचा लेखक विसरला. एरवी नेमक्या त्या क्षणी सफाई होत नाही आणि चूक झाकलेली राहते. शून्यावर ती लगेच उघडी पडते. शिवाय या दोन्ही पॅरामीटरची मूळ मूल्यं संगणकाच्या मेमरीवरून ठरतात. म्हणजे मोठ्या संगणकावर बिनतक्रार चालणारा प्रोग्राम १ जीबीहून कमी मेमरीच्या छोट्या संगणकावर अचानक कंपायलर पाडू शकतो. सेटिंग टोकाचं, पण दोष सगळ्यांचा. हा रिपोर्ट पाठवायलाच हवा.

म्हणून क्रॅश मिळाला की आकडा हळूहळू मूळ मूल्याकडे आणून पाहावा. साध्या ओ-२ या ऑप्टिमायझेशनच्या नेहमीच्या पातळीवरही कंपायलर पडला, तर प्रश्नच मिटला. नाहीतर संदेश वाचावा. मेमरी संपली असेल तर सोडून द्यावं. पण कंपायलरने स्वतःच्या आत केलेली एखादी तपासणी फसली असेल, तर तिथे खरी विसंगती असण्याचा संभव मोठा. आणि कंपायलर न पडता चुकीचं उत्तर देणारा प्रोग्राम बनवत असेल, तर सेटिंग कोणतंही असो, कळवावं. फक्त मूळ प्रोग्राम भाषेच्या नियमांत बसतो ना, याची आधी खात्री हवी.

युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि सहकाऱ्यांनी ‘सीस्मिथ’ हे यादृच्छिक प्रोग्राम रचणारं साधन बनवलं. २०११ च्या शोधनिबंधापर्यंत त्यांनी वेगवेगळ्या कंपायलरमधले ३२५ हून अधिक बग कळवले होते, तेही ओ-० ते ओ-३ अशा नेहमीच्याच पातळ्या वापरून. पुढच्याच वर्षी रेगर यांच्या गटाने ‘सी-रिड्यूस’ आणलं. हजारो ओळींचा प्रोग्राम ते क्रॅश कायम ठेवून काही ओळींवर आणतं. इतका छाटलेला प्रोग्राम सोबत असेल, तर टोकाच्या सेटिंगचा रिपोर्टही तपासणाऱ्याला लवकर पारखता येतो.