लिटरभर पाण्यातला ग्रॅमभर गाळ

उजनी धरण भरलं की 117 टीएमसी पाणी साठतं. पेपरात हा आकडा आपण पावसाळाभर वाचतो आणि पान उलटतो. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. गुणाकार केला तर उजनीचं पाणी होतं 3 लाख 31 हजार कोटी लिटर. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर असे 33 कोटी टँकर. प्रत्येकाला आठ मीटर जागा देऊन एकामागे एक उभे केले, तर रांग 26 लाख किलोमीटरच्या पुढे जाते. चंद्र आहे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. म्हणजे इथून चंद्रापर्यंत टँकरच्या जवळजवळ सात रांगा लागतील.

हे सगळं अडवते माढा तालुक्यात भीमानगरला उभी असलेली 2,534 मीटर लांबीची भिंत. तिची सर्वांत जास्त उंची 56.4 मीटर. मधोमध 41 दरवाज्यांचा दगडी सांडवा आणि दोन्ही अंगांना मातीचा भराव. दरवाजे उघडले की बघायला गर्दी होते. भरावाकडे कुणी बघत नाही, आणि बघायला हवं ते तिथेच.

भिंतीवरचा दाब मागे पाणी किती लांब पसरलंय यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. तीस मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर तीस टनांचा रेटा असतो, मग मागे 117 टीएमसी असो की तेवढीच खोल विहीर. हा रेटा सोसेल असाच भराव बांधलेला असतो. त्याला घोर असतो तो वाहत्या पाण्याचा, वरून आणि आतून.

वरून म्हणजे पाऊस. वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात एखाद्या दिवशी पन्नास मिलिमीटर कोसळतो. भरावाच्या एक हेक्टर उतारावर त्याचे पाच लाख लिटर होतात. ते पाणी गवतावरून, आखून दिलेल्या चरांतून उतरलं तर ठीक. चर गाळाने तुंबला की पाणी स्वतःची वाट काढतं. बोटभर ओघळाची दोन-तीन पावसाळ्यांत घळ होते. म्हणून पाहणीला आलेला माणूस चर मोकळे आहेत का, घुशींची बिळं कुठे आहेत, वेडी बाभूळ कुठे रुजलीय, हे बघत उतार पायी तुडवतो.

आतून येणारं पाणी जास्त अवघड. मातीचं धरण पाझरतंच. पाझर पायथ्याच्या चरात गोळा करून इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेतून सोडतात आणि खाचेतल्या पाण्याची उंची मोजून सेकंदाला किती लिटर, ते काढतात. समजा, तो एक लिटर आहे. वर्षाला 3 कोटी 15 लाख लिटर, म्हणजे उजनीच्या साठ्याचा साधारण एक लाखावा हिस्सा. पाण्याच्या हिशेबात काहीच नाही. पण त्या प्रत्येक लिटरात एक ग्रॅम माती असेल तर? दिवसाला 86 किलो, वर्षाला साडेएकतीस टन. सतरा-अठरा घनमीटरची, एका खोलीएवढी पोकळी भरावाच्या पोटात तयार झाली, आणि बाहेरून काहीच दिसलं नाही! म्हणून पाझर किती आहे याइतकंच तो नितळ आहे का, हेही बघतात. बाटलीत भरून उजेडात धरला की तळाशी बसलेला गाळ दिसतो. भरावाच्या आत वाळूचे गाळण थर घालतात ते यासाठीच, की पाणी निघावं आणि मातीचा कण अडावा.

पाण्याचा हाच घोर धरणाबाहेरच्या ढिगाऱ्यांनाही असतो. चंद्रपूर-वणीकडे कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे डोंगर उभे आहेत. तिथेही पाहणी ओघळ, चर आणि पायथ्याच्या ओलीचीच. वेल्समधल्या अ‍ॅबरफान गावात खाणीचा सात नंबरचा ढिगारा झऱ्यावरच रचला होता. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी तो घसरून शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं.

पावसाळ्याआधी आणि नंतर धरणाची पाहणी करणं 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने बंधनकारक आहे. पण दोन पाहण्यांच्या मधे महिने जातात. रोज भरावाच्या कडेने जाणारे असतात शेतकरी आणि गुराखी. पायथ्याला नवी ओल दिसली, नितळ पाझर गढूळ झाला, तर ते त्याच दिवशी धरणाच्या कार्यालयात कळवायला हवं. अमेरिकेतल्या टेटन धरणाच्या 93 मीटर उंच मातीच्या भिंतीतून 5 जून 1976 ला सकाळी साडेसातच्या सुमारास गढूळ पाणी येताना दिसलं. 11 वाजून 57 मिनिटांनी धरण फुटलं.