इटलीतील नवअभिजात खुर्च्या : शैली आणि कारागिरी

प्रस्तावना

हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) येथील उत्खननांमुळे प्राचीन रोमन घरांची सजावट युरोपसमोर आली. त्यातून बळ मिळालेल्या नवअभिजात प्रवाहाचा प्रभाव वास्तुकलेप्रमाणेच खुर्चीसारख्या नित्य वापराच्या वस्तूवरही पडला. इटलीतील या खुर्च्यांची शैली आणि घडण यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

शैली

पूर्वीच्या रोकोको खुर्चीचा पाय नागमोडी असे. नवअभिजात खुर्चीत तो सरळ, खाली निमुळता होत जाणारा आणि बहुधा उभ्या पन्हळी कोरलेला असतो. पाठ अंडाकृती किंवा चौकोनी असून तीवर पानांच्या माळा, फिती अथवा लायर या तंतुवाद्याची आकृती आढळते. इटली १८६१ पर्यंत अनेक राज्यांत विभागलेला असल्याने या शैलीला प्रादेशिक रूपे लाभली. तुरीन येथे ज्युसेप्पे मारिया बोन्झानिगो (१७४५–१८२०) यांनी सव्हॉय राजघराण्यासाठी केलेले सूक्ष्म कोरीवकाम विशेष प्रसिद्ध आहे.

कारागिरी

अनेक खुर्च्यांत लाकूड डोळ्यांना दिसतच नाही. कोरलेल्या सांगाड्यावर खडू व सरस यांचे थर देत, त्यावर रंग चढवीत किंवा तांबडी माती लावून सोन्याचा वर्ख बसवीत व तो घोटीत. काही ठिकाणी चांदीच्या वर्खावर पिवळसर रोगण देऊन सोन्याचा आभास निर्माण केला जाई. अशा खुर्चीत पृष्ठभाग हे केवळ आवरण नसून कारागिरीचाच भाग असतो.

याउलट लिग्युरियातील चियावारी येथे ज्युसेप्पे गाएतानो देस्काल्झी यांनी १८०७ मध्ये पॅरिसच्या नमुन्यावरून घडविलेली खुर्ची अलंकरणाऐवजी सडपातळ लाकूड, अचूक सांधे आणि विलोच्या पट्ट्यांची विणलेली बैठक यांवर उभी आहे. जिओ पॉन्ती यांची सुमारे १.७ किलो वजनाची ‘सुपरलेजेरा’ (१९५७) हा याच परंपरेचा आधुनिक विस्तार होय.

निष्कर्ष

या दोन प्रकारांची तुलना जतनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. जुना रंग खरवडून लाकूड उघडे केल्यास पहिल्या प्रकारातील खुर्ची स्वच्छ होत नाही; तिच्या घडणीचा पुरावाच नष्ट होतो. दुसऱ्या प्रकारात तोच पुरावा सांध्यांत असतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी खुर्चीची कारागिरी नेमकी कोठे आहे, हे ओळखणे आवश्यक आहे.