नवी बॅटरी, नवा सेल्फ, तरीही ‘टक’

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागातली खानदेशी कुटुंबं मे महिन्यात आणि दिवाळीत गावाकडे निघतात. ऊन टाळायचं म्हणून पहाटेच डिकी भरली जाते, पोरं झोपेतच मागच्या सीटवर आडवी केली जातात, चावी फिरते आणि बॉनेटखालून एवढाच आवाज येतो: टक. बॅटरी तर नुकतीच बदललेली. मग इलेक्ट्रिशियन सेल्फवर बोट ठेवतो. नवा सेल्फ बसतो, दोन दिवस गाडी नीट चालू होते आणि पुन्हा टक. आता डायनॅमोची पाळी.

याला निदान म्हणत नाहीत. हा अंदाज आहे आणि त्याची किंमत गाडीमालक मोजतो. पुष्कळदा बिघाड बदललेल्या कुठल्याच भागात नसतो. तो असतो त्या भागांना जोडणाऱ्या केबलमध्ये, सैल क्लॅम्पमध्ये, नाहीतर इंजिनाच्या अंगावरच्या एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्यानं तयार केलेली ही यंत्रणा 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. त्याआधी त्यानं दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. मोटर काही क्षणच चालणार असेल, तर तिच्याकडून कुवतीबाहेरचं काम करून घेता येतं, हे त्याला तिथं उमगलं होतं. आजचा सेल्फही तसाच राबतो. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर करंट घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. डिझेलचा त्याहून जास्त.

सारी गोम या आकड्यात आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज. समजा, बॅटरीच्या क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आणि तिथला रोध एका ओहमचा फक्त शंभरावा हिस्सा झाला. दीडशे अँपिअर त्यातून जाताना दीड व्होल्ट तिथंच खर्च होतात. सव्वादोनशे वॉट उष्णता त्या चिमूटभर जागेत निघते, क्लॅम्पला हात लावला तर चटका बसतो. इंजिन फिरवताना चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज साडेबारावरून दहा-साडेदहापर्यंत उतरतंच. त्यातून आणखी दीड गेले की सेल्फला जेमतेम नऊ उरतात.

आता गॅरेजमधलं नेहमीचं दृश्य पाहा. इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर काढतो, केबलच्या दोन टोकांना पिना लावतो, मीटर ‘पीं’ वाजतो. “केबल ओके आहे, सेल्फच गेलाय.” पण ही चाचणी करताना मीटर केबलमधून अगदी नाममात्र करंट सोडतो. जाड केबलमधले तांब्याचे सगळे धागे कुजले आणि एकच शिल्लक राहिला, तरी मीटर वाजणारच. बोळातून सायकल निघून गेली म्हणून कापडाच्या गाठींचा ट्रकही निघेल असं नाही. शिवाय साधा मीटर एका ओहमच्या दहाव्या भागापर्यंतच रोध मोजतो. आपला गुन्हेगार त्याच्याही दहा पट लहान आहे.

म्हणून मोजायचं ते भार असताना, तेही व्होल्ट. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर) आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर धरायची. कोणीतरी चावी फिरवायची. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला तर त्या वाटेत कुठंतरी खोट आहे. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनाचा उघडा धातू यांमध्ये तेच. इथं पाव व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग तपासायचं. पाच मिनिटांचं काम. ते होत नाही, कारण पार्ट विकण्यात पैसा आहे आणि मोजण्यात नाही, असं म्हणायला बरीच जागा आहे.

अर्थिंगवर थोडं थांबायला हवं, कारण ‘काम केल्यानंतर’ उद्भवणाऱ्या बिघाडांत त्याचा मान मोठा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीपासून, बॉडीपासून इंजिन-गिअरबॉक्सपर्यंत अर्थच्या जाड तारा किंवा पट्ट्या दिलेल्या असतात. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला की त्या सोडाव्या लागतात, आणि परत बसवताना एखादी विसरली जाते किंवा रंगावर, गंजावर कसली जाते. मग सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो. जुन्या गाड्यांत ती अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या लोखंडी केबलमधून मिळते. केबल तापते, तिचं प्लास्टिक वितळतं. हेडलाइट मात्र लख्ख, कारण त्यांचं अर्थिंग बॉडीला असतं. मालकाला वाटतं, बॅटरी उत्तम आहे, म्हणजे दोष सेल्फचाच.

सुरतेला यात आणखी एक इतिहास आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. असं गढूळ पाणी गाडीत शिरलं की सीट वाळतात, गालिचे धुऊन निघतात, पण वायरिंगच्या आवरणात तांब्याच्या धाग्यांमधून ओल केशाकर्षणानं आत चढत जाते. तांबं हिरवं पडत राहतं आणि बिघाड काही महिन्यांनी डोकं वर काढतो. तोवर गाडीनं मालकही बदललेला असू शकतो. समुद्राजवळची खारी, दमट हवा हेच काम पुराशिवाय, हळूहळू करते. आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ कधीच मारू नये: सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

मीटर नसेल तर हेडलाइटही बरंच सांगतात. ते लावून चावी फिरवा. दिवे एकदम विझले तर खुंटीवरचा क्लॅम्प सैल आहे किंवा बॅटरी पार उतरली आहे. मंद होत गेले आणि लागोपाठ टकटकटक झालं, तर बॅटरीत दम नाही: सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, मोटर भार टाकते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा तेच. दिवे लख्ख आणि एकच ठणठणीत टक, तर सोलेनॉइडचे संपर्क, कार्बन ब्रश किंवा मघाचं अर्थिंग. काहीच आवाज नसेल तर रिले, चावीचा स्विच, काही गाड्यांत क्लच पेडलखालचा स्विच.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही वेगळीच तक्रार. तिथं बॅटरी बदलणं म्हणजे पैसे तापीत टाकणं. क्रँक सेन्सरची पिन सैल असेल, किंवा डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल. चावीतल्या चिपला स्वतःची बॅटरी नसते. स्विचभोवतीचं वेटोळं तिला चुंबकीय प्रवर्तनानं वीज देतं आणि तिचा संकेत ओळखू आला नाही तर इंधन बंद. नवी चावी किंवा नवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) बसवून त्यांची ओळख करून दिली नाही, की हेच होतं. सीएनजी गाड्यांचं दुखणं आणखी साधं. बहुतेक आधुनिक किटमध्ये गाडी पेट्रोलवर चालू होते आणि मग गॅसवर जाते. टाकीत पेट्रोल ठेवायचंच नाही असा बाणा असेल, तर टाकीतला पंप कोरडा चालून जळतो, कारण त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं.

नवी बॅटरीही निर्दोष असेलच असं नाही. 38B20L सारख्या क्रमांकात पहिला आकडा क्षमतेची श्रेणी सांगतो, B रुंदी-उंचीचा गट, 20 म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू. बाजू चुकली तर केबल ताणून बसवावी लागते. बारीक खुंटीवर जाड क्लॅम्प आला तर तो पत्र्याची पाचर मारून ‘अ‍ॅडजस्ट’ केला जातो. ही पाचरच पुढच्या ‘टक’ची तयारी असते. आणि गाडी बंद असतानाही अर्धा अँपिअर कुठं झिरपत असेल, तर पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी होते. नंतर लावलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम आधी तपासा.

तेव्हा पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियननं नवा पार्ट सुचवला, तर त्याच्याकडून आधी चार आकडे घ्या: गाडी बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना किती उतरलं, पॉझिटिव्ह आणि अर्थच्या वाटेत किती गेलं, आणि इंजिन चालू झाल्यावर चार्जिंग चौदा व्होल्टच्या आसपास येतं का. हे आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या, आणि ते देता येत नसतील तर दुसरं गॅरेज गाठा.