लाकूड गोठ्यात येते तेव्हा

एप्रिल १९४०मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वे व्यापले आणि स्वीडनचा पश्चिमेकडचा समुद्रमार्ग जवळजवळ बंद पडला. बाहेरून येणारी पेंड आणि धान्य आटले. लाकडाचा लगदा करणाऱ्या गिरण्यांची ब्रिटनसारखी मोठी गिऱ्हाइकेही त्याच वेळी तुटली. मग याच गिरण्यांनी गुराघोड्यांसाठी लाकडाचा चारा तयार करायला घेतला. फिनलंड आणि नॉर्वेतही युद्धकाळात हेच झाले.

गाईच्या पोटातले जिवाणू सेल्युलोज पचवतात आणि लाकडात ते ४० ते ४५ टक्के असते. तरी स्प्रूस झाडाच्या लाकडाचा कच्चा भुसा गाईच्या अंगी जवळजवळ लागत नाही, कारण भिंतीतल्या चुन्यासारखे लिग्निन त्यातले धागे धरून ठेवते. सल्फाइट गिरणीत लाकडाच्या चिपा दाबाखाली, आम्लयुक्त द्रावणात कित्येक तास शिजतात. लिग्निन द्रावणात उतरते आणि मागे मऊ, फिकट धाग्यांचा लगदा उरतो. लाकडाच्या वजनाच्या साधारण निम्मा लगदा हाती येतो. गाईला जे जमत नाही, ते काम गिरणी आधीच करून देते.

पण हा चारा एकटा पुरत नाही. त्यात प्रथिने नाहीत, खनिजेही नगण्य. ही उणीव भरून काढता येते, हे फिनलंडचे नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी दाखवले. शुद्ध सेल्युलोज, स्टार्च आणि साखरेच्या जोडीला युरिया व अमोनियम क्षार देऊन, प्रथिनाचा कणही न घालता त्यांनी गाईंकडून दूध मिळवले. ते निष्कर्ष १९६६मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांपर्यंत हा धागा पोचला. मिसिसिपीतल्या लॉरेल गावी मेसोनाइट कंपनी वाफेच्या दाबाने लाकूड फोडून हार्डबोर्ड करीत असे. धुवणाच्या पाण्यात उतरलेले हेमिसेल्युलोज आटवून तिथे मळीसारखा पाक तयार होई आणि तो पशुखाद्यात जाई. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या वनउत्पादन प्रयोगशाळेने गिरण्यांतून वाया जाणारे बारीक धागे तपासले. ॲस्पेन झाडाचे कच्चे लाकूड सुमारे एक तृतीयांशच पचते. रसायनाने शिजलेले धागे त्याहून कितीतरी चांगले पचतात, असे तिथे दिसले.

गिरण्यांच्या अशा टाकाऊ मालाचा धोकाही खरा आहे. क्लोरीनने विरंजन करणाऱ्या गिरण्यांच्या गाळात १९८०च्या दशकात डायॉक्सिन सापडले. ते जनावराच्या चरबीत साठते आणि मांसावाटे ताटात येते. म्हणून शाई, क्लोरीन किंवा जड धातूंचा संसर्ग झालेला गाळ दावणीत जाताच कामा नये.

महाराष्ट्रात दुष्काळी छावण्यांत उसाचे वाढे घालून गुरे जगवली जातात, पण साखर कारखान्यात उरणारे चिपाड चारा म्हणून वापरायला लिग्निनच आडवे येते. त्यावर वाफेची प्रक्रिया करून, सोबत मोजून युरिया आणि खनिजे देऊन चारा कसा करायचा, याच्या चाचण्या सुकाळातच व्हायला हव्यात. छावणी उघडल्यावर त्यासाठी वेळ नसतो. साखर कारखाने आणि कृषी विद्यापीठांनी हे काम आत्ताच हाती घ्यावे.