दुवा-संवर्धन

महाजालावरील इतर संकेतस्थळांनी आपल्या संकेतस्थळाचा निर्देश दुव्याच्या रूपाने करावा, यासाठी केलेल्या योजनाबद्ध प्रयत्नांस दुवा-संवर्धन म्हणतात. शोधयंत्राच्या फलसूचीत आपले पृष्ठ वरच्या क्रमांकावर यावे, हा त्यामागील प्रमुख हेतू असतो. बहुतेक शोधकर्ते सूचीतील पहिल्या काही नोंदींच्या पलीकडे जात नाहीत. त्यामुळे व्यापाऱ्याची विक्री, नियतकालिकाचा वाचकवर्ग, इतकेच नव्हे तर रुग्णाच्या हाती पडणाऱ्या वैद्यकीय माहितीचा दर्जाही या क्रमावर काही अंशी अवलंबून राहतो.

दुव्यांवरून महत्त्व ठरविण्याची कल्पना ग्रंथालयशास्त्रातून आलेली आहे. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला, हे मोजण्याची पद्धत अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचविली. सर्व उल्लेख सारख्या मोलाचे न मानता मान्यवर नियतकालिकातील उल्लेखास अधिक भार द्यावा, हा विचार गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नॅरिन यांनी १९७६ मध्ये गणिती रूपात मांडला. १९९० नंतरच्या दशकातील आरंभीची शोधयंत्रे मात्र मुख्यतः पृष्ठावरील शब्द मोजीत. तोच शब्द शेकडो वेळा, प्रसंगी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत छापून त्यांना सहज फसविता येई. यावर उपाय म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी १९९६ पासून दुव्यांच्या मोजणीवर आधारलेली पद्धत विकसित केली आणि १९९८ मध्ये गूगल या कंपनीची स्थापना केली. या पद्धतीला ‘पेजरँक’ म्हणतात. रॉबिन ली व जॉन क्लाइनबर्ग यांनीही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, याच दिशेने काम केले होते.

पेजरँकचे तत्त्व यदृच्छ भटकणाऱ्या वाचकाच्या कल्पनेने समजते. हा वाचक शंभरातील ८५ वेळा समोरच्या पृष्ठावरील कोणता तरी एक दुवा अनुसरतो व उरलेल्या १५ वेळा महाजालातील कोणत्याही पृष्ठावर उडी घेतो. दीर्घकाळात तो ज्या पृष्ठावर जितका वेळ सापडेल, तितके त्या पृष्ठाचे मूल्य. समजा, केवळ तीन पृष्ठे आहेत : अ हे ब आणि क या दोघांकडे, ब हे क कडे आणि क हे अ कडे निर्देश करते. गणिताने अ ला सु. ३९, ब ला सु. २१ व क ला सु. ४० टक्के मूल्य मिळते. अ व ब या दोहोंकडे प्रत्येकी एकच दुवा येतो. तरीही अ चे मूल्य जवळजवळ दुप्पट भरते. याचे कारण असे की, अ ला दुवा देणारे क स्वतः भारदस्त आहे व आपला दुवा ते वाटून देत नाही. ब ला मात्र अ च्या भाराचा अर्धाच वाटा मिळतो. दुव्यांच्या संख्येपेक्षा ते कोठून येतात यास महत्त्व का, हे येथे स्पष्ट होते. दुवा-संवर्धनाचा सारा खटाटोप याच एका गोष्टीभोवती फिरतो.

दुवा ज्या शब्दांवर बसविलेला असतो ते शब्दही शोधयंत्र विचारात घेते. याचा विनोदी उपयोग २००३ मध्ये झाला. ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर असंख्य लोकांनी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या अधिकृत चरित्राचा दुवा बसविला आणि त्या शब्दांचा शोध घेणाऱ्यास ते चरित्र अग्रक्रमाने दिसू लागले. चरित्रात ते शब्द नव्हतेच. जानेवारी २००७ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत बदल करून असे प्रकार निष्प्रभ केले.

दुवे मिळविण्याचे सरळ मार्ग कष्टाचे व सावकाशीचे आहेत. इतरांना उद्धृत करावीशी वाटेल अशी मूळ सामग्री, म्हणजे स्वतः गोळा केलेली आकडेवारी, नकाशे, कोश, गणनसाधने इ. प्रसिद्ध करणे हा त्यांतील सर्वांत भरवशाचा मार्ग होय. पत्रकारांना तज्ञ म्हणून माहिती पुरविणे, आपला नामोल्लेख असूनही दुवा नसेल तेथे तो देण्याची विनंती करणे, इतरत्र मृत झालेला दुवा दाखवून देऊन त्याजागी आपले समर्पक पृष्ठ सुचविणे, हेही रूढ उपाय आहेत. संकेतस्थळाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण द्यावे लागते. ते न दिल्यास वर्षानुवर्षे मिळालेले दुवे वाया जातात. ही साधी बाब मोठ्या संस्थाही विसरतात.

याउलट दुवे विकत घेणे, घाऊक अदलाबदल करणे, केवळ दुव्यांसाठी बनावट संकेतस्थळांचे जाळे उभारणे, वाचकांच्या अभिप्रायांत यंत्राद्वारे दुवे पेरणे, हे प्रकार शोधयंत्रे निषिद्ध मानतात. गूगलने २००० मध्ये पृष्ठाचे मूल्य ० ते १० या अंकांत सर्वांस दाखविण्यास आरंभ केला आणि त्या अंकाने दुव्यांच्या बाजाराला जणू दरपत्रकच मिळाले. हा अंक २०१६ मध्ये सार्वजनिक वापरातून काढून घेण्यात आला. बाजार मात्र राहिला.

जाहिरातीचा वा परक्या व्यक्तीने लिहिलेला दुवा शिफारस म्हणून धरला जाऊ नये, यासाठी गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. इंग्रजी विकिपीडियाने २००७ पासून आपल्या सर्व बाह्य दुव्यांस ती लावली. पैसे देऊन घेतलेला दुवा अशा खुणेसह जाहिरात म्हणून देण्यास हरकत नसते. आक्षेप आहे तो छुप्या व्यवहारास.

फेब्रुवारी २०११ मध्ये द न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने जे. सी. पेनी या अमेरिकन विक्रेत्या कंपनीकडे असंबद्ध संकेतस्थळांवरून हजारो दुवे येत असल्याचे उघडकीस आणले. कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगितले. पण तिची पृष्ठे फलसूचीत अल्पावधीतच खूप खाली घसरली. पुढील वर्षी खुद्द गूगलच्याच क्रोम या न्याहाळकाच्या प्रसारासाठी पैसे देऊन लिहविलेले मजकूर आढळले, तेव्हा कंपनीने क्रोमच्या पृष्ठाचा क्रम किमान ६० दिवसांसाठी उतरविला. २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ ही स्वयंचलित छाननी लागू झाली. तिचा फटका बड्या कंपन्यांपेक्षा लहान व्यावसायिकांना अधिक जाचक ठरला. कारण त्यांतील अनेकांनी हे काम कंत्राटदारांवर सोपविलेले होते आणि विकत काय घेतले जात आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. नकोसे दुवे नाकारण्याचे साधन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपलब्ध झाले. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मूळ पद्धतीतच समाविष्ट असून, कृत्रिम दुव्यांबद्दल संपूर्ण स्थळाला शिक्षा देण्याऐवजी ते दुवे मोजणीतून वगळण्याकडे तिचा कल आहे. मार्च २०२४ मध्ये, मालकी संपलेली जुनी नावे केवळ त्यांच्या पूर्वपुण्याईसाठी विकत घेऊन तेथे निकृष्ट मजकूर भरण्यासही स्पष्ट बंदी करण्यात आली.

दुव्यांना आज क्रमनिर्धारणाच्या अनेक घटकांपैकी एक असे स्थान आहे. या पद्धतीत एक अंगभूत पक्षपात आहे : ज्यास दुवे आहेत तो वर दिसतो, वर दिसतो म्हणून त्यास आणखी दुवे मिळतात. नव्याने निघालेल्या स्थळास हे चक्र भेदणे कठीण जाते. मराठीसारख्या भाषेत परस्परांचे संदर्भ देणारी स्थळेच तुलनेने थोडी असल्याने चांगल्या लेखासही मोजके दुवे लाभतात. त्यातच मराठी वृत्तपत्रांच्या आरंभीच्या अनेक आवृत्त्या युनिकोडपूर्व टंकांत होत्या. त्यांतील मजकूर शोधयंत्रास मराठी म्हणून ओळखताच येत नसे. त्यामुळे तिकडे जाणारा दुवा आणि त्यावर बसविलेले शब्द हाच कित्येकदा त्या पृष्ठाच्या विषयाचा एकमेव सुगावा असे.